अकरा कासवांचा फरक

निवृत्त झाल्यावर आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी मला विचारलं, "सुनंदाताई, तुम्ही ऑफिसात नक्की करायचात तरी काय हो?" मी म्हटलं, "जे मोजता येत नाही ते मोजायचे." त्या म्हणाल्या, "म्हणजे देवस्थानात वगैरे होता का?"

तेव्हा मी हसून विषय सोडून दिला. पण आता दिवाळी अंकासाठी लिहायला बसले आहे, तर त्यांना जे सांगायचं राहिलं ते इथे सांगते. मला लिहायची सवय नाही. आयुष्यभर अहवाल लिहिले आणि अहवालात 'मी' हा शब्द येत नाही. 'निरीक्षण करण्यात आले', 'आढळून आले' असं लिहितात. कोणी निरीक्षण केलं आणि करताना त्याचे पाय किती लटपटत होते, हे त्यात कुठेच नसतं.

माझं काम होतं जिवंत प्राण्यांच्या संख्येचा अंदाज करणं. बोरिवलीच्या जंगलात फुलपाखरं किती, मुलुंडच्या खाडीकाठी बगळे किती, घाटकोपरच्या चाळींच्या वळचणीला चिमण्या किती. माणसांची शिरगणती करायची तर दार वाजवता येतं, नाव विचारता येतं. चिमणी नाव सांगत नाही आणि एका जागी बसतही नाही. म्हणून थोड्या मोजायच्या आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तेच. फक्त भात नीट ढवळलेला असावा लागतो आणि शीत आपल्याला आवडेल ते उचलायचं नसतं. या एका वाक्यात माझं सगळं संख्याशास्त्र आलं. उरलेली पुस्तकं ढवळायचं कसं याबद्दल आहेत.

आमचं घर मूळचं कुडाळकडचं. बाबा गिरणीत होते. आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. संख्याशास्त्र घेतलं त्यात माझी हुशारी काही नव्हती. प्रवेशाच्या खिडकीवरचे कारकून म्हणाले, "बाई, त्या विषयाला जागा आहेत," म्हणून घेतलं. बी. एस्सी. झाल्यावर अंधेरीत एका लहानशा संस्थेत तात्पुरती क्षेत्र-सहायक म्हणून लागले. दोन खोल्या, एक टेबल पंखा, आणि बाटल्यांमध्ये बुडवलेले बेडूक. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती.

संस्थेत साठे सर प्रमुख होते. प्राणिशास्त्राचे जाणते, शब्द मोजून वापरणारे. आणि माझ्या जोडीला विलास कांबळे. तोही घाटकोपरचाच, त्याचे आईवडील जालन्याकडून आलेले. तोही त्याच्या घरातला पहिला पदवीधर. पण मी जिथे तिथे घाबरायची आणि हा कुणाला म्हणून घाबरायचा नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "अगं, 'सर सर' काय करतेस सारखी? माणूसच आहे तो. चहात बिस्किट बुडवताना त्याचंही पडतं."

माझं पहिलं मोठं काम म्हणजे मरोळच्या मागच्या बाजूचं एक तळं. तिथे पूर्वी दगडाची खदान होती. खदान बंद पडली, खड्ड्यात झऱ्याचं पाणी साठलं आणि त्यात कुठून तरी कासवं आली. काळी, कठीण पाठीची, ताटलीएवढी. खदानीत काम करायला आलेल्या कुटुंबांची वस्ती काठावरच राहिली होती. आता ते तळं बुजवून तिथे इमारती बांधायच्या होत्या. कोणीतरी तक्रारीचं पत्र लिहिलं, एक समिती बसली आणि समितीने आम्हाला विचारलं: तळ्यात कासवं आहेत म्हणता, तर किती आहेत?

सरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "शेकड्यांनी निघाली तर समितीला विचार करावा लागेल. तीन-चार डझन असतील तर म्हणतील, टोपलीत घाला आणि दुसरीकडे नेऊन सोडा. म्हणजे तळ्याचं काय होणार ते आपल्या आकड्यावर आहे. नीट काम करा."

घरी आईला सांगितलं. ती बांगडे साफ करत होती. "कासवां मोजूक पगार? सरकार खुळा झाला काय गो?"

मी म्हटलं, सरकार नाही, संस्था. आणि रीत समजावून सांगायला बसले. एका वाटीत चवळी घेतली. म्हटलं, समज हे तळं. यातल्या पन्नास चवळ्या काढायच्या, त्यांना खूण करायची आणि परत टाकून ढवळायचं. मग न बघता मूठभर काढायच्या. मुठीत खुणेच्या फार निघाल्या तर वाटीत एकूण चवळ्या कमी, थोड्या निघाल्या तर एकूण पुष्कळ. साधं त्रैराशिक आहे. मी हळद कालवून पन्नास चवळ्या पिवळ्या केल्या, वाटीत टाकल्या, ढवळल्या. मूठ काढली. चाळीस आल्या, त्यातल्या सोळा पिवळ्या. "बघ, म्हणजे वाटीत सव्वाशे आहेत."

आईने हात धुतले, वाटी ताटात ओतली आणि एकेक करून सगळ्या मोजल्या. तीनशेच्या वर निघाल्या. तिने दोन चवळ्या माझ्या नाकासमोर धरल्या. "अगो चेडवा, हळद वल्ली हा. शेजारच्यांकाय लागली. तुझे पन्नास खंयचे नि हे खंयचे, आता कसा सांगतलस?"

ओली हळद शेजारच्या चवळ्यांनाही लागली होती. आम्ही दोघी खूप हसलो. मी तेवढ्यावरच थांबायला नको होतं. आईने मला त्या दिवशी जे शिकवलं ते मी ऐकलं, पण शिकले नाही.

सरांनी खूण करायची रीत सांगितली होती. कासवाच्या पाठीच्या कडेला कानशीने बारीक खाच पाडायची. कडेच्या कोणत्या खवल्याला खाच आहे त्यावरून प्रत्येक कासवाचा नंबर वाचता येतो आणि ती खाच वर्षानुवर्षं राहते. शिवाय लांबून दिसावं म्हणून वर रंगाचा ठिपका. रंग ही सोय आणि खाच हा पुरावा, असं ते म्हणाले होते.

आम्ही तारेच्या जाळीचे सापळे केले. ते अर्धे पाण्याबाहेर राहतील असे बांधायचे, कारण कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. आत आईने दिलेली बांगड्याची डोकी. पहिल्या दिवशी सहा कासवं सापडली. कांबळे तळ्याच्या पलीकडे सापळे लावत होता आणि खुणा करायचं काम माझ्याकडे होतं.

पहिलं कासव मांडीवर घेतलं. त्याने डोकं आत ओढून घेतलं. मी कानस कडेला लावून एकदा ओढली. खर्र असा आवाज झाला आणि त्याचा मागचा पाय थरथरला. माझ्या हातातली कानस तिथेच थांबली. मी पुन्हा लावली, पुन्हा थांबले. मग कानस पिशवीत ठेवली आणि नुसता रंग लावला. मनात म्हटलं, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. ऑइल पेंट आहे, तेवढ्यात काही जात नाही.

रंग केशरी होता. सरांनी रंगाचं काही सांगितलं नव्हतं. अंधेरीच्या हार्डवेअरच्या दुकानात मीच निवडला होता, हिरव्या पाण्यात उठून दिसेल म्हणून.

काठाच्या उतारावर एक बाई कपडे धूत होत्या. पन्नाशीच्या, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, आवाज खणखणीत. सगळी वस्ती त्यांना गोदाक्का म्हणायची. सोलापूरकडून नवऱ्याबरोबर दगड फोडायला आल्या होत्या. नवरा गेला, खदान बंद झाली, त्या राहिल्या. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "काय गं पोरी, टिळा लावतीस व्हय?"

मी कामात होते. म्हटलं, "हो अक्का."

"कशापायी?"

"परत आलं की ओळखता येईल."

त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना पुरेपूर पटलं. मला तेव्हा वाटलं, किती सोप्या शब्दांत मी शास्त्र समजावलं.

त्या आठवड्यात चाळीस कासवांना टिळे लागले. मीही एव्हाना मनात टिळाच म्हणायला लागले होते. ऑफिसात सरांनी विचारलं, "चाळीस? छान. खाचा केल्यास ना सगळ्यांना?"

मी म्हटलं, "हो सर."

का म्हटलं, याचं उत्तर मी पुढे कित्येक वर्षं शोधत राहिले. नोकरी तात्पुरती होती हे खरं. पण त्याहून खरं हे की, मोठ्या माणसाने प्रश्न विचारला की 'हो' म्हणायचं, एवढंच मला येत होतं. शाळेत मास्तर विचारायचे, समजलं का? आम्ही सगळे म्हणायचो, हो. 'नाही' म्हणायला आधी आपण त्या खोलीत बसायच्या लायकीचे आहोत असं वाटावं लागतं. मला तसं वाटायला फार वेळ लागला.

तीन आठवड्यांनी दुसरी फेरी सुरू झाली. या वेळी सापडलेली कासवं लगेच सोडायची नव्हती, नाहीतर तेच कासव दोनदा मोजलं जाण्याची भीती. म्हणून वस्तीतल्या एका जुन्या सिमेंटच्या हौदात थोडं पाणी घालून ती ठेवत होतो. पहिल्या सापळ्यात चार निघाली आणि चारही केशरी. कांबळे ओरडला, "झकास! आपलीच गिऱ्हाइकं परत आली."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मी खूश होते. माझा रंग टिकला होता. खाचांवाचून काही अडलं नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी हौदात अडतीस कासवं होती आणि त्यातली तेहतीस केशरी.

सर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी समितीपुढे आकडा द्यायचा होता. त्यांनी गुडघ्यावर वही ठेवून आकडेमोड केली. चाळीस गुणिले अडतीस, भागिले तेहतीस. "सेहेचाळीस," ते म्हणाले. मग पेनाला टोपण लावलं. "सेहेचाळीस कासवं एका दुपारी हलवता येतात. संपलं मग."

गोदाक्का उतारावर कपडे आपटत होत्या. हे तळं जाणार म्हणजे हा उतार जाणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

कांबळे हौदातली कासवं परत सोडायला निघाला. एक उचललं, आणि थांबला. तळहात बघितला. बोटं चोळली. नाकाशी नेली.

"सुनंदा, आपला रंग सुकून तीन आठवडे झाले ना?"

"हो. का?"

"मग हे हाताला काय लागतंय? आणि ऑइल पेंटला गोड्या तेलाचा वास कधीपासून यायला लागला?" त्याने हात माझ्यापुढे धरला. "अगं बाई, हा शेंदूर आहे. तुझ्या घरी देव्हारा आहे, माझ्या घरी नाही. तरी मला कळलं आणि तुला नाही? वाट लागली ना आपली!"

खरंच आमच्या चाळीच्या तोंडाशी मारुती होता. दर शनिवारी त्याला तेल-शेंदूर लागलेला मी लहानपणापासून बघत होते. दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो, ही म्हण मला कोणी शिकवावी लागली नव्हती. आणि कासव तर देवळात आधीच असतं. महादेवाच्या समोर, दगडाचं. आत जाताना त्याला हात लावून जातो आपण. मी त्या वस्तीसमोर बसून, भरदिवसा, चाळीस जिवंत कासवांना केशरी टिळे लावले होते आणि विचारल्यावर 'हो' म्हटलं होतं.

कांबळेने हाक मारली, "अक्का, या कासवांना शेंदूर कोणी लावला?"

"आमीच की," गोदाक्का हात पुसत आल्या. "शनवारच्या शनवार. भाकरी टाकली का येत्यात उताराला. समद्या बायका लावत्यात."

"पण कशाला हो?"

"आता बघा," त्या माझ्याकडे वळल्या, "या पोरीनं चाळीसांस्नी टिळा लावला. बाकीच्यांनी काय पाप केलं हुतं?"

कांबळे हसायला लागला आणि हसता हसता खाली बसला. मला मात्र आईच्या हातातल्या त्या दोन पिवळ्या चवळ्या दिसत होत्या. हळद वल्ली हा. शेजारच्यांकाय लागली.

साठे सर शांत होते. "घाबरायचं कारण नाही," ते म्हणाले. "शेंदूर कितीही लागू दे. खाचा आहेत. सुनंदा, एकेकाची कड बघ आणि खाच असलेली वेगळी काढ."

मी उभी राहिले. हौदात अडतीस कासवं एकमेकांवर चढत होती.

"सर, खाचा नाहीत."

"म्हणजे?"

"मी केल्या नाहीत. पहिल्याचा पाय थरथरला, म्हणून... मला झालं नाही."

त्यांनी चष्मा काढला. "ते मी समजू शकतो. पण मी विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "चुकलेला आकडा दुरुस्त करता येतो. खोट्या आकड्याचं काय करायचं ते मला अजून माहीत नाही." आणि वही मिटून घेतली.

गोदाक्कांना यातलं किती कळलं कोण जाणे. पण पोरगी अडकली आहे एवढं कळलं. त्यांनी विचारलं, "तुजा रंग धुतल्यानं जातो का?"

"नाही. ऑइल पेंट आहे."

"आन् शेंदूर जातो. मग रडतीस कशाला? धुवून काढू की!"

त्यांनी वस्तीकडे तोंड करून दोन-तीन नावं पुकारली. बायका आल्या. कपड्याचा साबण आला, नारळाच्या शेंड्या आल्या. उतारावर ओळीने बसून त्यांनी कासवं मांडीत घेतली आणि आंघोळ घालावी तशी घासायला सुरुवात केली. "डोस्कं आत घे रं बाबा, डोळ्यात जाईल," असं एकीने कासवाला बजावलं. पाणी केशरी होऊन उतारावरून वाहत होतं. ज्या हातांनी देव केले तेच हात त्यांना पुन्हा कासव करत होते, आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गोदाक्का म्हणाल्या, "देव काय धुतल्यानं जातो व्हय?"

कांबळे आणि मी प्रत्येक कासव उन्हात धरून बघत होतो. शेंदूर गेल्यावर खाली माझा टिळा निघाला की एका बाजूला, नाही निघाला की दुसऱ्या बाजूला. सर आपणहून उठून आमच्याजवळ आले आणि स्वतःच्या वहीत रेघा मारू लागले.

तेहतिसांपैकी माझी नऊ निघाली. बाकीची चोवीस अक्कांच्या न्यायाने देव झालेली.

चाळीस गुणिले अडतीस, भागिले नऊ. एकशे एकोणसत्तर.

कांबळेने शीळ घातली. सरांनी मात्र आकड्यापुढे अजून दोन आकडे लिहिले, शंभर आणि अडीचशे. "नुसता एक आकडा कधी द्यायचा नाही," ते मला म्हणाले. इतक्या वेळात माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. "आपल्याला किती माहीत नाही, तेही सांगायचं. आणि आज काय घडलं ते सगळं अहवालात लिहायचं. खाचा का नव्हत्या, शेंदूर कसा आला, कसा धुतला. तू लिहिशील."

मी लिहिलं. 'निरीक्षण करण्यात आले' असं न लिहिता. माझ्या हयातीत तेवढ्या एकाच अहवालात 'मी' हा शब्द आहे.

दुसऱ्या दिवशी सर मला समितीपुढे घेऊन गेले. लांब टेबल होतं, पाच-सहा माणसं होती. अध्यक्षांनी अहवाल चाळला आणि शेंदराचं पान लागल्यावर मोठ्याने वाचायला घेतलं. आधी एक जण हसला, मग सगळेच. त्यात वाईट हेतू नव्हता. गोष्टच तशी होती.

"म्हणजे काल दुपारी सेहेचाळीस होती आणि संध्याकाळी एकशे एकोणसत्तर?" अध्यक्ष म्हणाले. "बरं, ही तरी नक्की का?"

सर म्हणाले, "शंभर ते अडीचशेच्या दरम्यान."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"किती माहीत नाही, हे माहीत आहे," सर म्हणाले. पण ते वाक्य त्या टेबलावर कुणाला ऐकू गेलं नाही.

मला बोलायचं होतं. सांगायचं होतं की हा आकडा खरा आहे, चूक माझ्या हाताची होती, रीतीची नाही. मी नुसती वहीची पानं उलटत राहिले. खाचा असत्या तर त्या खोलीत हसण्यासारखं काहीच नसतं. आमच्याकडे खरा आकडा होता, पण त्याला साबणाचा वास येत होता.

तळं बुजवायचं ठरलं. समितीने एक मात्र मान्य केलं. आधी पाणी उपसायचं आणि कासवं काढून न्यायला आम्हाला वेळ द्यायचा.

माझी नोकरी जाईल असं मी धरून चालले होते. सरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काही दिवसांनी टेबलावर नवी कानस ठेवलेली दिसली, एवढंच. मी तिथेच पुढे कायम झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. नंतर माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगत असे. खूण करण्याआधी तिथल्या माणसांना ती खूण कशी दिसते ते विचारा. आणि माझ्या प्रश्नाला 'नाही' म्हणायची आजपासून सवय करा. काही जण लगेच 'हो मॅडम' म्हणायचे.

उन्हाळ्याच्या शेवटी पंप लागले. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. आम्ही जन्मभर अंदाज करतो, पण तो बरोबर होता की नाही हे आम्हाला कधीच कळत नाही. आई वाटी ताटात ओतून चवळ्या मोजू शकली. जंगल असं ओतता येत नाही. बोरिवलीची फुलपाखरं खरी किती होती, मला आजही ठाऊक नाही. सगळ्या नोकरीत एकदाच माझी वाटी ताटात ओतली गेली, ती त्या तळ्याच्या वेळी. खरा आकडा कळायला तळं आटवावं लागलं.

चार दिवस पाणी उतरत होतं. उथळ पाण्यात कासवं दिसायला लागली. वस्तीतल्या बायका पदर खोचून गाळात उतरल्या, कांबळे मांड्यांपर्यंत रुतला, मी काठावर वही घेऊन. आमच्या टोपल्या भरत होत्या आणि टेम्पोतून पवईच्या तलावाकडे जात होत्या. मी एकेक रेघ मारत होते. सतरा, पंचेचाळीस, नव्वद. एकशे वीसच्या पुढे गेल्यावर कांबळेने मला हाक मारली, "काय गं, तुझं गणित खरं होणार बहुतेक!" आणि मला इतका आनंद झाला की तळं आटतंय हे क्षणभर विसरायला झालं. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

शेवटच्या टोपलीत एक मोठं कासव होतं, पाठीवर माझा फिका झालेला टिळा. गोदाक्का आमच्याबरोबर पवईपर्यंत आल्या. पाण्यात सोडण्याआधी त्यांनी कनवटीची पुडी काढली आणि त्या टिळ्यावर शेंदराचं बोट लावलं. मी बघते आहे हे पाहून म्हणाल्या, "परत आलं का ओळखता येईल."

एकूण रेघा भरल्या एकशे अठ्ठावन्न.

समितीला कळवलं. आकडा बरोबर आल्याबद्दल कौतुकाचं एक पत्र आलं. तोवर भरावाचे ट्रक सुरू झाले होते.

पण एकशे एकोणसत्तर आणि एकशे अठ्ठावन्न यांत अकराचा फरक आहे. पवईहून परतताना मी गोदाक्कांना विचारलं होतं, "सगळी निघाली ना हो?" त्या म्हणाल्या, "निघाली म्हनायची. उन्हाळ्यात काही खाली गाळात जाऊन निजत्यात. त्यास्नी कोन उठवणार?"

ती अकरा त्याच गाळात राहिली असतील का, असं मी कांबळेला विचारलं. तो त्या दिवशी थट्टा करायच्या मनःस्थितीत नव्हता. म्हणाला, "अगं, अकरा म्हणजे फॉर्म्युल्याची चूक आहे ती. शंभर ते अडीचशे म्हणालो होतो ना आपण? मग? अकराने काय होतं? नको डोक्यात घेऊस." त्याचं बरोबर होतं. कुठलाही संख्याशास्त्री हेच सांगेल. इतक्या लहान नमुन्यात अकराचा फरक म्हणजे काहीच नाही. मी स्वतः शेकडो वेळा दुसऱ्यांना हे समजावलं आहे.

आता तिथे सात मजली इमारती आहेत. खाली औषधांचं दुकान आहे, एक पाळणाघर आहे. उतार होता तिथे गाड्या उभ्या असतात. गोदाक्का कुठे गेल्या मला माहीत नाही. वस्ती दिंडोशीकडे हलवली असं कोणीतरी सांगितलं, पण दिंडोशीत दार वाजवून विचारायला माझ्याकडे त्यांचं पूर्ण नावही नव्हतं. चाळीस कासवांना मी खूण केली होती आणि अक्कांचं नाव विचारायचं राहून गेलं.

त्या बाजूने जायची वेळ आली की माझी पावलं अजून मंद होतात. चाळीस वर्षं मी माझे अंदाज खऱ्याच्या जवळ यावेत म्हणून धडपडले. आले की समाधान वाटलं, सर असते तर मान हलवली असती असं वाटलं. तो एकशे एकोणसत्तर मात्र चुकलेला असू दे. माझ्या हाताने, माझ्या रंगाने, माझ्या गणिताने अकराची चूक झालेली असू दे.